पोचलास का?

१

सकाळी मैदानाचं फाटक उघडलं की माझं पहिलं काम म्हणजे हेल्मेटं पुसणं. ऑफिसच्या खोलीत भिंतीला लोखंडी मांडणी आहे. तिच्यावर ती ओळीने ठेवलेली असतात, काचा पुढे करून, वर्गात हजेरीला बसवल्यासारखी. ओल्या फडक्याने आतली गादी पुसायची, पट्टा अडकवून ओढून बघायचा, काचेवर ओरखडे आलेत का ते पाहायचं. मग बाहेर जाऊन फक्कीने आठाचा आकडा आखायचा, शंकू मांडायचे आणि शिकाऊ मंडळींची वाट बघायची.

मी मोटारसायकल शिकवते. ही शाळा माझ्या नवऱ्याने काढली. जन्मभर गाडीवर हिंडलेला माणूस, अंगावर ओरखडा नाही, आणि एका दुपारी जेवून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून शिकवणं माझ्याकडे आणि बाकीचा कारभार माझ्या धाकट्या दिराकडे. खरेदी, जाहिरात, परवान्याची कामं, लोकांशी गोड बोलणं, हे सगळं भाऊजींचं. गोड बोलणं मला जमत नाही.

"तुला राग फार लवकर येतो," सासूबाई म्हणतात. लवकर येत नाही. तो गेलेलाच नसतो. आमच्या फाटकासमोरून मोठा रस्ता जातो. त्यावरून हेल्मेट कोपरात अडकवून चाललेला माणूस दिसला की मला वाटतं, ह्याचा मेंदू तिथेच असणार. पट्टा मोकळा सोडून, नुसतं डोक्यावर भांडं पालथं घातल्यासारखं ठेवून जाणारे वेगळेच. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती फोनवाल्यांनी. हेल्मेटच्या आत, गालाशी फोन खोचायचा आणि मान खांद्याकडे वाकडी करून बोलत सुटायचं. जगात कुठेही जा, ती मान तशीच वाकडी दिसेल. पलीकडचं माणूसही कमाल. हा रस्त्यावर आहे हे माहीत असतं, म्हणून तर फोन करतात.

त्यामुळे माझ्या मैदानावर एक नियम पक्का. आत आलं की फोन माझ्या टेबलाच्या खणात. बडे साहेब असोत की दूधवाला, खणात म्हणजे खणात.

आमची जुनी हेल्मेटं झिजली होती. मी महिनोन्महिने पाठपुरावा केला, तेव्हा एका सकाळी भाऊजींनी पोत्यातून नवीन आणली. लाल, काळी, एक निळं. रंग इतका ताजा की खोलीत वास भरला.

"नवीन आहेत ना?" मी विचारलं.

"नवीनच म्हणा," भाऊजी म्हणाले आणि त्यांना कुणाला तरी भेटायचं आठवलं.

२

निळं पहिल्यांदा सिस्टरने घातलं. ती मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे, अपघात विभागात. पाळीच्या वेळा अडनिड्या, म्हणून तिला स्वतःची गाडी हवी होती. हात हलका, नजर पुढे, सांगितलेलं लक्षात ठेवणारी. अशी शिष्या मिळाली की दिवस बरा जातो.

दुसरी फेरी मारताना पलीकडच्या भिंतीपाशी तिने एकदम गाडी थांबवली. मान डावीकडे कलती केली. मग काच वर करून मला म्हणाली, "मॅडम, माझा फोन वाजतोय."

"तुमचा फोन माझ्या खणात आहे."

"हो, ते खरंच." ती जरा ओशाळली. "पण इथेच वाजला, कानाशी. दाबून धरल्यासारखा."

मी म्हटलं, रस्त्यावरून कुणीतरी गेला असेल. आमच्या फाटकाबाहेर दर क्षणाला कुणाचा ना कुणाचा वाजतच असतो. तिने मान हलवली आणि फेरी पुरी केली. पण त्या भिंतीपाशी आल्यावर पुन्हा तिची मान कलली. मी तिला ओरडले. गाडी जिकडे बघाल तिकडे जाते, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं.

त्यानंतर निळं शिंप्याच्या वाट्याला आलं. बाजारातला शिंपी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, विनोदी. "मॅडम, सुईत दोरा ओवतो तसा ओवतो बघा शंकूंमधून," असं म्हणून निघाला. निम्म्या वाटेत त्याचा डावा खांदा वर गेला, मान खाली आली, आणि त्याने क्लचवरचा हात सोडून सरळ कानाकडे नेला. गाडी आचका देऊन आडवी झाली.

मी धावले. त्याचं कोपर सोलवटलं होतं, मनगट सुजत होतं. उठून बसत तो आधी म्हणाला, "सॉरी मॅडम. घरून होता."

"काय घरून होतं?"

"फोन. आमच्या हिचा." मग त्याने स्वतःच्या रिकाम्या खिशावर हात मारला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "पण ही मला अरेतुरे करत नाही."

"काय म्हणाली?"

"पोचलास का, म्हणाली."

तो पुन्हा कधी आला नाही. निरोप पाठवला की पोरंच आता दुकानापर्यंत सोडतात.

३

दुपारी मैदान रिकामं असतं. ऑफिसात पंखा फिरत होता. मी निळं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले.

मी भोळी नाही. माझ्या डोक्यात जे येणार तेच आलं. कुणीतरी आत बारकासा स्पीकर बसवला असेल. हल्ली मिळतात तसले, गाणी ऐकायला. दुसऱ्या कुणाच्या फोनला जोडलेला असेल, समोरच्या दुकानातल्या, वरच्या मजल्यावरच्या. मी गालाच्या गाद्या ओढून काढल्या. मागची पट्टी उचकली. वायर नाही, बॅटरी नाही, काही नाही. गाद्या परत बसवल्या आणि ते डोक्यात घातलं.

हेल्मेट घातलं की माणूस एका खोलीत शिरतो. फार लहान खोली, पण खोलीच. स्वतःचा श्वास मोठा होतो, बाहेरचं जग भिंतीपलीकडे जातं. पंख्याचा आवाज बोथट झाला. मी मनात म्हटलं, आता स्वतःचंच रक्त कानात वाजेल आणि त्यालाच तू आवाज म्हणशील.

मग वाजलं. डाव्या कानाशी, गादीत दाबलेलं, जुन्या धाटणीची साधी रिंग. थरथरसुद्धा जाणवली, गालाच्या हाडाला. मी हललेही नाही. रिंग थांबली. कुणीतरी उचलला होता. मी नव्हे.

"पोचलास का?"

बाईचा आवाज. तरुण नाही, म्हातारा नाही. मागे नळ चालू होता, भांडं ठेवल्याचा आवाज झाला. काळजीने कासावीस वगैरे काही नाही, अगदी रोजचा प्रश्न, उत्तर ठरलेलं असल्यासारखा. ती थांबली. मी ओठ घट्ट मिटून धरले. का ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं, पण बोलायचं नाही एवढं कळत होतं. नळ बंद झाला.

"बरं," ती म्हणाली. "हळू चालव."

मी हेल्मेट ओढून काढलं आणि टेबलावर आदळलं. आणि खरं सांगते, भीतीने कमी, संतापाने जास्त. हळू चालव म्हणे. एका हाताने त्याची मान वाकडी करायची आणि दुसऱ्या हाताने हळू चालव सांगायचं.

पट्टीखालचं अस्तर मी ह्या वेळी पूर्ण सोलून काढलं. आत पांढऱ्या थर्माकोलचा जाड थर असतो. डोकं वाचवतो तो तोच, वरचं रंगीत कवच नव्हे. एकदा मार बसला की तो चेपतो आणि पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट फेकून द्यायचं असतं.

हा थर उजवीकडे मागून पुढेपर्यंत तडकला होता. आणि डावीकडे, कानाच्या जागी, त्यात एक खोल चौकोनी खळगा होता. कडा नीट उठलेल्या. कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या गोल भिंगाचा ठसासुद्धा. एवढा खोल ठसा उमटायला डोकं किती जोराने दाबलं गेलं असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

४

भाऊजी संध्याकाळच्या तुकडीच्या वेळी आले. शिकाऊ मंडळी फाटकाशी जमली होती, सिस्टरही होती. मी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि सोललेलं निळं हेल्मेट पुढ्यात आपटलं.

"ही कुणाच्या डोक्यावरची आहेत, भाऊजी?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "हळू बोला, वहिनी. लोक आहेत बाहेर."

"कुणाच्या?"

"अहो, ठोकलेल्या गाड्या भंगारात जातात, त्यांच्याबरोबर येतात. एक जण स्वच्छ करतो, रंग मारतो, काच बदलतो. फेकून द्यायच्या वस्तूचा उपयोग होतो, ह्यात वाईट काय? मैदानावर गोगलगाईच्या वेगाने चालणाऱ्यांना कशाला हवंय नवंकोरं?"

"हे तडकलेलं आहे. हा आत खड्डा बघा."

त्यांनी बघितलं नाही. बघायचं नसलं की त्यांना खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसतं. "वहिनी, दादा होता तेव्हापासून तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता. शाळा चालवायची कशी ते तुम्हाला ठाऊक नाही."

मग मी त्यांना आवाजाचं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितलं, कारण शिंपी पडला होता आणि उद्या दुसरं कुणी पडलं असतं. सांगताना माझंच मला हास्यास्पद वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी नवरा गेल्यापासून रोज बघते. कणव.

"तुम्ही चार दिवस विश्रांती घ्या," ते मऊ आवाजात म्हणाले. "मी सांभाळतो इकडचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दार उघडलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठीक आहे. एवढं चांगलं आहे तर तुम्ही घाला. घाला आणि आठाचा आकडा मारून दाखवा ह्या लोकांना."

भाऊजींनी बाहेरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी अस्तर ढकलून परत बसवलं, हेल्मेट डोक्यात घातलं आणि पट्टा अडकवला. "बघा आता," ते म्हणाले.

५

गाडी ते चांगली चालवतात. भावानेच शिकवलेली. जाडजूड देह, पाठीला बाक काढून सैल बसायची सवय, पण वळणं गुळगुळीत. पहिला आकडा त्यांनी असा काढला की कुणीतरी टाळी वाजवली. दुसरा काढला. मला वाटायला लागलं होतं की माझंच चुकलं, आणि ते वाटणं किती बरं होतं म्हणून सांगू.

भिंतीपाशी त्यांचा डावा खांदा वर गेला.

मान कलली. मी हाक मारली, पण मैदानाच्या त्या टोकाला ती पोचली नाही. काचेआड ओठ हलताना दिसले. ते काहीतरी विचारत होते. मग ऐकत होते. गाडी सावकाश सरळ रेषेत पुढे येत राहिली, आणि तेवढ्यात त्यांची बसण्याची ढब बदलली.

हे मी कितीही वेळा सांगितलं तरी नीट सांगता येत नाही. कपडे तेच, पोट तेच. पण पाठीचा बाक गेला. कोपरं आत आली, मान पुढे झाली, गुडघे टाकीला चिकटले. उशीर झालेला एखादा सडपातळ मुलगा बसतो तसं ते बसले. आणि त्याने वेग घेतला.

"फाटक लावा," मी ओरडले. कुणाला कळेपर्यंत गाडी माझ्या समोरून गेली, शंकू उडाले, आणि ती फाटकातून थेट मोठ्या रस्त्यावर शिरली. दोन्हीकडे न बघता. एक मोटार येत होती. ब्रेकचा आवाज झाला, मग दुसरा आवाज झाला.

मी पोचले तेव्हा भाऊजी फुटपाथला टेकून उताणे पडले होते. मोटारीतला माणूस दारात उभा राहून म्हणत होता, "मला दिसलाच नाही." ठोकणारा प्रत्येक वेळी हेच म्हणतो. माणूस बदलतो, वाक्य तेच असतं.

दोघे-तिघे वाकून हेल्मेट ओढायला लागले होते. मी त्यांना कोपराने ढकललं. पडलेल्याचं हेल्मेट काढायचं नसतं. मानेला मार असेल तर एका हिसक्यात माणूस जन्माचा लुळा होतो. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. श्वास चालू आहे ना, मग डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही. सिस्टर धावत आली आणि तिनेही तेच सांगितलं, "मॅडम, काढू नका. धरून ठेवा. मी नाडी बघते."

जी वस्तू मला दगडाने ठेचावीशी वाटत होती, ती मी गुडघ्यावर बसून दोन्ही तळव्यांत धरून ठेवली.

श्वास बघायला सिस्टरने काच वर केली. आत धुकं साचलं होतं. ते विरत गेलं तसे डोळे दिसले, उघडे, माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या रस्त्याकडे बघणारे. गाल कोवळे होते. वरचा ओठ गुळगुळीत होता. भाऊजींना भरघोस मिशी आहे.

"आलोच," ते तोंड म्हणालं.

मी पापणी मिटली, उघडली, आणि तिथे भाऊजी होते, मिशीवर रक्त, कण्हत. सिस्टर त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून सेकंद मोजत होती. तिने काय पाहिलं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्या डाव्या तळव्याखाली ते थांबून थांबून थरथरत होतं, आणि तिची बोटं दर वेळी तेवढ्यापुरती ताठ होत होती.

६

"तू त्याला घालायला लावलंस," सासूबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी गॅस पेटवला नव्हता, दिवा लावला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "आणि त्यांनी ती हेल्मेटं बाकी सगळ्यांना घालायला लावली होती."

"एक गेला. हा एकच राहिलाय मला. तुला राग आवरता येत नाही म्हणून..." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, माझंही नव्हतं. असल्या वेळी घरातली माणसं एकमेकांपासून फार लांब उभी असतात.

सकाळी मी करवत घेऊन मैदानावर गेले. निळं हेल्मेट दवाखान्यात कापून काढलं होतं, आणि सिस्टरने ते मला पिशवीत घालून दिलं होतं. मी मांडणीवरची सगळी खाली घेतली आणि शिकाऊ मंडळींच्या समोर एकेक उभं चिरलं. रंगाखाली जुने रंग निघाले, घासलेले, एकावर तर कुणाचं तरी नाव खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. आतला थर्माकोल प्रत्येकात कुठे ना कुठे चेपलेला. आवाज कशातून आला नाही. मी करवत चालवत राहिले आणि लोक बघत राहिले. मग त्यांना मी घरी पाठवलं. नवी हेल्मेटं येईपर्यंत शाळा बंद.

७

भाऊजींची मांडी मोडली होती, बरगड्या मोडल्या होत्या, मानेभोवती पट्टा होता. डोकं वाचलं. नशीब म्हणा, कारण त्या हेल्मेटने वाचवलं नव्हतं. भेटायची परवानगी दुपारी मिळाली. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

"वहिनी," ते छताकडे बघत म्हणाले, मान वळत नव्हती म्हणून. "मी तुम्हाला खोटं पाडायला गेलो होतो."

"माहीत आहे."

"मी तिच्या 'पोचलास का'ला उत्तर दिलं नाही. मी फक्त विचारलं, कोण बोलतंय."

मी खुर्ची पुढे ओढली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता.

"मग?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला हात उचलत नव्हता. मी पुसलं नाही.

"ती चिडली नाही, घाबरली नाही. आपण नाही का, घरात चुकीच्या माणसाने फोन उचलला की म्हणतो, तसं म्हणाली. तू नको, त्याला दे." ते थांबले. "आणि मी दिला, वहिनी. कसा ते विचारू नका. मी बाजूला झालो आणि दिला."

मला ते पोतं आठवलं. मग जे सुचलं ते विचारलं.

"पोत्यात आपल्या मांडणीपेक्षा जास्त होती. उरलेली कुठे आहेत?"

मी उठून त्यांच्या तोंडावर वाकले, छताऐवजी त्यांना माझ्याकडे बघावंच लागेल अशी. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"कुठे विकलीस?"

त्यांनी एका दुकानाचं नाव सांगितलं. बसथांब्याजवळचं, सुट्या भागांचं.

८

मी तशीच निघाले. भर दुपार होती, रस्त्यावर ऊन आणि धूर. दुकानाच्या दारात हेल्मेटं दोरीला टांगली होती, वाऱ्याने हळूहळू फिरत होती.

आत गिऱ्हाईक होतं. एक बाप आणि त्याची कॉलेजातली मुलगी. मुलीला नवी गाडी घेतली असणार, चावी तिच्या बोटात होती. दुकानदार काउंटरवरून वाकून म्हणत होता, "फिट बसतंय ना, ताई? अगदी नवा माल आहे." मुलीच्या डोक्यात लाल हेल्मेट होतं, काच खाली. ती उत्तर देत नव्हती. तिचा डावा खांदा वर गेला होता.

"काय गं?" बापाने विचारलं. "घट्ट होतंय का?"

तिने एक बोट वर केलं. थांबा, अशा अर्थी. मग म्हणाली, "नाही, मी नाही... हो. आहेत. देते."

मी काउंटरपाशी पोचेपर्यंत तिने पट्टा सोडवला, हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांनी बापापुढे धरलं. चेहरा अगदी साधा होता, घरातल्यासारखा.

"बाबा, घ्या. तुमच्यासाठी आहे."

त्याने हसत हात पुढे केला होता. मी ते मधल्यामध्ये हिसकावून घेतलं. बाप काहीतरी ओरडला, दुकानदार बाहेर यायला लागला, आणि मी ते पोटाशी धरून रस्त्यावर धावले. मुलगी दारात उभी होती, रिकाम्या हातांकडे बघत. तिला काही झालं नव्हतं. एवढं बघितलं आणि मी पुढे गेले.

गल्लीच्या तोंडाशी दम लागून थांबले. कापडातून पोटाला थरथर लागत होती. रिंग थांबली. "पोचलास का?" आतून आवाज आला. ह्या वेळी बाई नव्हती, कुणी म्हातारा होता. मागे घड्याळाची टिकटिक, खुर्चीची कुरकुर. तो वाट बघत होता, कुणाची तरी, कधीपासून कोण जाणे. सगळे नुसते वाट बघत होते आणि कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं.

मी हेल्मेट उचललं, तोंडाशी आणलं आणि बोलले. बोलायचं नाही हे ठाऊक असून बोलले.

"तो नाही पोचला, बाबा. तो पोचणार नाही. रस्त्यावर असताना फोन करत जाऊ नका. ठेवा आता."

टिकटिक थांबली. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, तो रडेल.

खुर्ची कुरकुरली. तो पुढे वाकला असावा, नीट ऐकू यावं म्हणून.

"बरं," तो समजूतदारपणे म्हणाला. "मग तू कुठवर आलीस?"